बोटाखालची ओळ

पैज लागली मिशीवर. हरेल त्यानं, ह्या नव्हे, पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर ख्रिस्ती देवळाच्या फाटकासमोर निवृत्ती न्हाव्याच्या खुर्चीत बसायचं आणि अर्धी मिशी उतरवून घ्यायची. अर्धीच. सगळी उतरवली तर लोकांना वाटतं घरात कुणी गेलं असेल, दोन मिनिटं हळहळतात आणि पुढे जातात. अर्धीला असलं कारण चिकटत नाही, अर्धी मिशी म्हणजे चालतंबोलतं प्रदर्शन. शिवाय ती आठ दिवस तशीच ठेवायची. हे कलम सहादूनं घातलं, कारण सहादू नगरपालिकेत कारकून, आणि पोटकलम टाकल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही. आणि पैज कशावर? तर चाळीतल्या पंचाहत्तर वर्षांच्या अक्काबाईला वाचता येतं की नाही, यावर.

"लाज वाटू दे पुंज्या," सहादू म्हणाला. "रोज सकाळी ओट्यावर बसून तास तास तुमचं पवित्र शास्त्र वाचते ती बाई. चष्मा लावून. ओळीवर बोट ठेवून. तुला दिसत नाही?"

"बोट दिसतं. वाचणं दिसत नाही."

"वाचायला मिळणं म्हणजे काय असतं ते आमच्या लोकांना विचार. मी वाचणाऱ्या बाईवर संशय घेणार नाही."

"मी घेतो की. आपल्याला फुकट येतो."

निवृत्ती वस्तरा पट्ट्यावर घासत होता. म्हणाला, "दोघंही हरा रे. माझी बोहनी होईल."

शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत पुंजारामचं सायकलचं दुकान. दुकान कसलं, चार पत्रे, एक पंप आणि पाण्याचं घमेलं. वय बेचाळीस, पण गल्लीतल्या पोरांनाही त्याच्या खोड्यांची धास्ती. देवळातल्या बाजाच्या पेटीत गजराचं घड्याळ ठेवलं होतं ते त्यानंच, आणि ऐन प्रवचनात ते वाजल्यावर "कुणाची ही नालायकी" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडला होता तोही तोच. माणूस बिलंदर, आणि बिलंदर माणसाला एक शाप असतो. त्याला वाटतं सगळे आपल्यासारखेच आहेत. प्रार्थनेला सगळी मंडळी डोळे मिटून माना खाली घालायची तेव्हा पुंजारामचे डोळे टक्क उघडे. कोण खरंच मिटतो, कोण किलकिले ठेवतो, कोण जांभई दाबतो, सगळी मोजदाद. गिऱ्हाईक म्हणायचं, "हवा भर, पंक्चर नाही." हा ट्यूब घमेल्यात बुडवायचाच. बुडबुडा दिसला की त्याला बरं वाटायचं. नाही दिसला तर दुसऱ्या बाजूनं बुडवायचा.

अक्काबाईचं असं झालं की पैजेच्या आधी, बुधवारी, पोस्टमन तिचं कार्ड चुकून दुकानात टाकून गेला. इगतपुरीच्या भाच्याचं. पुंजाराम ते घेऊन ओट्यावर गेला. अक्काबाई बसलेली, मांडीवर खाकी कापडाच्या कव्हरातलं जाड पुस्तक, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. कार्ड पुढे केलं तर तिनं ते हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं, परत दिलं. म्हणाली, "तूच वाच रे पुंजा, माझा चष्मा सापडंना." चष्मा नाकावर. बास, एवढंच. पुंजारामनं कार्ड वाचून दाखवलं, भाच्याच्या बायकोला मुलगी झाली होती, अक्काबाई हसली, देवाचं नाव घेतलं. पुंजाराम ओट्यावरून उतरला तेव्हा त्याच्या पायाखालची एक पायरी कमी झाली होती. म्हणजे पायऱ्या तीनच होत्या, पहिल्यापासून तीनच, पण पाय मात्र चौथी शोधत खाली गेला आणि जीभ दातात सापडली. दुकानात येऊन तो घमेल्यासमोर बसला आणि त्यानं तीच ती ट्यूब पाच वेळा बुडवली.

कारण मिशी आणि सहादू हे सगळं वरवरचं. आत दुसरंच होतं, आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पन्नास साल. पुंजाराम अकरा वर्षांचा. बाप गोटीराम मिशनच्या बागेत माळी, त्यानं स्वतःचा आणि पोराचा बाप्तिस्मा उरकून घेतला, पण आई नवसाबाई राहिली. नामपूरला तिची आई होती, ती म्हणाली होती तू पाणी घेतलंस की मी तुला मेले. मग ती म्हातारी खरंच गेली, आणि नवसाबाई म्हणाली, आता घेते. रविवार ठरला. गुरुवारी दुपारी ती गेली. छातीचं दुखणं. पाळकसाहेब इगतपुरीकडे गेलेले, रस्ते पाण्याखाली, निरोप पोचला नाही. खोलीत ओल्या पोत्याचा वास, आईच्या उशाशी पितळी, आणि तिच्या कानाशी वाकलेली अक्काबाई, तेव्हा काळ्या केसांची. मग अक्काबाईनं पुस्तक उघडलं. पोराला अगदी स्पष्ट आठवतं, तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक शब्द सुटा करून वाचलं, "पाण्याची वाट बघू नको. ज्यानं हात धरलाय तो कोरड्या माणसालाही घरात घेतो." आईचं तोंड वेडंवाकडं झालं, खांदे हलले, दुखण्याची कळ आली असणार. मग ती शांत झाली. तिला मातीत ठेवलं तेव्हा घंटा वाजली नाही, पाण्याचा विधी झाला नव्हता म्हणून की वाजवणाराच नव्हता म्हणून, हे कुणी सांगितलं नाही आणि पोरानं विचारलं नाही. त्याच्यापाशी ती ओळ होती. शास्त्रात आहे म्हटल्यावर विषय संपला. आई घरात गेली. कोरडीच गेली, पण गेली.

विसाव्या वर्षी त्याला ती ओळ पुन्हा बघावीशी वाटली. सहज. कुठल्या पानावर आहे एवढंच. सापडली नाही. मग त्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं शास्त्र वाचलं, दुकानात, ग्रीसच्या बोटांनी, दोनदा. लोक म्हणायला लागले पुंजारामला प्रभूनं पकडलं. प्रभूनं कसलं, एका ओळीनं पकडलं होतं. वंशावळ्या वाचल्या, लढाया वाचल्या, पत्रं वाचली, आणि ओळ काही नाही. शेवटी पाळकसाहेबांना गाठलं. त्यांनी प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या त्या चोराचं सांगितलं, त्याला कुठं पाणी मिळालं होतं, तो नुसता म्हणाला माझी आठवण ठेव. म्हणाले, "पुंजाराम, बाप्तिस्मा ही खूण आहे. पाया विश्वास. जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर वजन टाकून उभं राहणं. आशा, तारण, सगळं त्याच्यावर चढतं." पुंजाराम म्हणाला, "साहेब, अर्थ नको. ओळ दाखवा." ते म्हणाले, "त्या शब्दांत नाही बाबा. पण अर्थ तोच." अर्थ तोच! म्हणजे मूळ भाग नाही, तसाच दिसणारा आहे. सायकलला असले तसेच दिसणारे भाग लावणारे त्याला चांगले ठाऊक होते, त्यांतला एक तो स्वतः होता. तेव्हापासून बावीस वर्षं तो अक्काबाईकडे तिरक्या डोळ्यानं बघत आला. तिला सरळ विचारता आलं असतं. पण विचारल्यावर ती काहीही सांगेल. आणि आता कार्ड, आणि नाकावरचा चष्मा. वाचताच येत नसेल तर तिनं त्या दिवशी वाचलं काय? मरणाऱ्या बाईला थाप मारली. आणि आई ती थाप धरून गेली. कुठं गेली?

तरी पैज लावताना तो खिदळत होता. त्याचं सगळं असंच, पोटात कळ आली की पहिलं हसू तोंडावर यायचं. रद्दीवाल्याकडून त्यानं एक जुना मराठी शब्दकोश उचलला. पातळ कागद, बारीक टाइप, पानावर दोन रकाने, लांबून बघितलं तर थेट शास्त्रच. शुक्रवारी अक्काबाई नळावर गेली तेव्हा त्यानं खाकी कव्हर काढून कोशाला चढवलं. तिच्या पुस्तकात जागोजागी लुगड्याच्या काठाचे रंगीत दोरे खुणेला घातलेले, तेही हिशेबानं त्याच अंतरावर सरकवले. काम चोख. मूळ पुस्तक दुकानात जुन्या टायरांच्या आत ठेवलं. आणि शनिवारी सकाळी तो ओट्यासमोर एका सायकलचं चाक उगाचच सरळ करत बसला.

अक्काबाई आली. बसली. पुस्तक मांडीवर घेतलं, लाल दोऱ्याचं पान उघडलं, बोट ठेवलं. ओठ हलायला लागले. पुंजाराम चाक फिरवत जवळ सरकला. ती मेंढपाळाचं स्तोत्र म्हणत होती, हिरव्या कुरणाचं, अक्षर न चुकता, आणि तिचं बोट कढई, कढी, कण, कणीस यांवरून हळूहळू खाली उतरत होतं. पान संपलं तेव्हा तिनं थुंकी लावून ते उलटलं आणि कथा, कथील, कदर यांच्यावरून थेट मरणछायेच्या दरीत शिरली. पुंजारामला आधी जोरदार हसू आलं. एवढी फर्मास खोडी त्याला जन्मात जमली नव्हती. मग हातातलं चाक त्यानं खाली ठेवलं. जिंकलो, त्यानं स्वतःला सांगितलं. सहादूला हाक मारायची, पान दाखवायचं, झालं. पण त्यानं हाक मारली नाही. त्या दिवशी नाही, रविवारी नाही, सोमवारी नाही. रोज सकाळी तो चाक घेऊन बसायचा आणि रोज ती बाई शब्दकोशातून देवाशी बोलायची.

संशय एकदा सुटला की एका ओट्यावर राहत नाही. अक्काबाईला येत नसेल तर देवळात स्तोत्रांचं पुस्तक धरून उभे राहणारे सगळे काय करतात? बापानं बाप्तिस्मा घेतला तो खरा की बागेतली नोकरी पक्की व्हावी म्हणून? घमेल्यात ट्यूब बुडवताना त्याला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला आजवर कुणाच्या आत बुडबुडा नसलेला सापडलाच नाही, आणि तसा सापडला तर आपण काय करू हेही आपल्याला माहीत नाही. जेवताना तो बायकोकडे, सुमनबाईकडे, बघत राहिला. ती डोळे मिटून भाकरीवर आशीर्वाद मागत होती.

"खरंच मागतेस की सवयीनं?"

सुमनबाईनं एक डोळा उघडला. "अहो, आज तुम्हाला चावलंय काय? अमेन तर म्हणू द्या."

"सांग ना."

"कधी खरंच, कधी सवयीनं. भाकरी दोन्ही वेळेला तीच असते. जेवा."

"आणि समज, सगळं खोटं निघालं?"

"मग तुमचं काय जाणार आहे? तुम्ही कुठं काही मानता?" ती म्हणाली आणि कालवण वाढायला वळली. पुंजारामनं भाकरी मोडली. आपलं काय जाणार आहे हे त्यालाच माहीत होतं.

दुसरा शनिवार उजाडला. उद्या मिशी. सहादू गुरुवारपासून, पैज कशावर ते न सांगता, गल्लीत सगळ्यांना आमंत्रणं देत सुटला होता, निवृत्तीनं खुर्चीला नवीन फडकं आणलं होतं. पुंजाराम ओट्याच्या तीन पायऱ्या चढला. ठरवून आला होता की पुस्तक तिच्या मांडीवरून ओढायचं, पान तिच्या डोळ्यांसमोर धरायचं आणि म्हणायचं, वाच. पण त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"अक्का, आज काय वाचतेस?"

"तू ठेवलंस ते," अक्काबाई म्हणाली.

चाळीच्या नळावर कुणाची तरी बादली भरून वाहत होती.

"आठ दिस झाले रे तू माझं पुस्तक नेलंस. वाचून झालं आसंल तर आणून दे. घाई नाय."

"तुला… तुला कसं कळलं?"

"हे हलकं हाय. माझ्यात चाळीस वर्सांचं हाताचं तेल मुरलंय. आन् वास दुकानाचा येतो ह्याला." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "म्हटलं, पुंजानं नेलंय म्हंजे त्याला काय तरी हवं आसंल त्याच्यात. चोरून का नेलं ते तुझं तुला म्हाईत. तुला सरळ चालता कधी आलंय?"

"मग रोज हे घेऊन काय बसतेस?"

"येळ झाली की बसायचं. मांडीवर काय तरी आसलं की हात थरथरत नाय."

पुंजाराम तिच्या पायाशी बसला. "अक्का, तुला वाचता येत नाही."

"नाय. नवरा म्हणायचा, मी पाठ करायची. कुठलं कुठं हाय ते त्यानं दोऱ्यांनी दाखवून ठिवलं. मी कधी कुणाला सांगितलंय का, मला येतं म्हणून? कुणी इचारलंच नाय."

"माझ्या आईला वाचून दाखवलंस." आवाज चढला त्याचा. "मी होतो तिथं. बोट ठेवून वाचलंस. कोरड्या माणसालाही घरात घेतो. मी ती ओळ हुडकली, अक्का. दोनदा हुडकली. नाही ती. तू तिला फसवलंस."

एवढ्या वेळात पहिल्यांदा अक्काबाईचा चेहरा उतरला, पण तो पकडलेल्या माणसासारखा नव्हता, कुणाचा तरी निरोप पोचवायला उशीर झालेल्या माणसासारखा होता.

"नवसाला ठावं होतं की रं," ती म्हणाली. "आमी दोघी एका मळ्यात शेवंती खुडायला जायचो. हजेरीवर उठवलेला माझा अंगठा तिनं शंभरदा बघितला. तिला काय फसवणार? ती ओळ तिचीच हाय."

"काय?"

"तिला बोलवत नव्हतं. मी कान लावला. ती म्हणाली, अक्का, मला पाण्याची भीती नाय राहिली, त्यानं हात धरलाय, तो मला कोरडीच घेतोय घरात. पण पोरगं माझं लय संशयी, त्याला कागदावर लागतं. तू पुस्तक उघड आन् वाचल्यासारखं कर. मी म्हटलं, बाई, मला? आन् वाचायला? तर ती हसाया लागली. खोकल्यात हसत व्हती, खांदे हलत व्हते तिचे. तशीच हसत गेली बघ. फसवलं आसंल तर तुला फसवलं, आमी दोघींनी."

पुंजारामच्या डोक्यात ते वेडंवाकडं तोंड पुन्हा आलं, हलणारे खांदे. एकतीस वर्षं तो त्याला कळ म्हणत आला होता. आता त्यानं ते तोंड जवळून बघायचा प्रयत्न केला, जितका जवळ गेला तितकं ते पुसट होत गेलं. कळ असेल. हसू असेल. मरणाऱ्या माणसाचं दोन्ही सारखंच दिसत असेल. साक्षीदार एकच, आणि ती ही, जी आठ दिवस कोश मांडीवर घेऊन स्तोत्र म्हणते. ही आताही रचत असेल. पकडली गेली म्हणून, किंवा त्याची दया आली म्हणून. त्यानं त्या गोष्टीला सगळीकडून दाबून बघितलं, उलटी केली, सुलटी केली, आणि ती ना फुटली ना सिद्ध झाली. पण एक होतं. आईला तो संशयी वाटत होता. अकराव्या वर्षी. हे खरं होतं, हे त्याच्याशिवाय आणि तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार? पण हेही लगेच सुटलं, कारण त्याचा स्वभाव सगळ्या गल्लीला माहीत होता. मग काहीच उरलं नाही. उरली ती एक बाई, गुरुवारच्या दुपारी, विधी नाही, पाळक नाही, घंटा नाही, आणि तरी पोरासाठी खोडी काढण्याइतकी निश्चिंत. जिला स्वतःच्या जाण्याची खातरी नाही ती असली थट्टा करेल? पुंजाराम स्वतः आयुष्यभर थट्टा करत आला होता, आणि त्याला पक्कं माहीत होतं की घाबरलेल्या माणसाची थट्टा कशी दिसते. ती अशी दिसत नाही. याला पुरावा म्हणत नाहीत. त्यानं ते ओळखलं, आणि ओळखूनही त्यावर वजन टाकलं, नदीवरच्या फळीवर टाकतो तसं, एक पाय, मग दुसरा. फळी हलली. तो पडला नाही.

"पुस्तक आणून देतो," तो म्हणाला.

"दे. आन् हे तुझं घेऊन जा, लय हलकं हाय."

रविवारी उपासना सुटली तेव्हा फाटकासमोर शंभरेक माणसं. पोरं झाडावर. सहादू पांढरा शर्ट घालून आलेला, जणू त्याचाच सत्कार. पुंजाराम चालत आला, कुणी काही विचारायच्या आत खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मी हरलो. चालव."

टाळ्या, शिट्ट्या. सुमनबाई बायकांच्या घोळक्यातून ओरडली, "अहो, निदान चांगल्या बाजूची ठेवा!" कुणी विचारलं चांगली कुठली, आणि गल्ली हसून लोळली. निवृत्तीनं साबण फासला.

"थांब," सहादू म्हणाला. तो खुर्चीजवळ आला, आवाज खाली आणला. "पुंज्या, तू कधी हरत नाहीस. काय भानगड आहे? तिनं वाचून दाखवलं तुला?"

"मी हरलो म्हटलं ना."

"ते ऐकलं. पण कसं हरलास? काय पाहिलंस?"

"काहीच नाही पाहिलं."

"मग?"

"मग काय? मिशी माझी, तुला कशाला घोर?"

"असं कसं! पैजेला काही पुरावा पाहिजे की नको? मी कशावर मानायचं?"

"मी सांगतोय म्हणून मान," पुंजाराम म्हणाला, आणि साबणाच्या फेसातून त्याला इतकं हसू फुटलं की निवृत्तीनं वस्तरा मागे घेतला. "हलू नको रे पुंजाराम, ओठ जाईल!" मग वस्तरा फिरला. डाव्या बाजूची मिशी नव्या फडक्यावर पडली आणि ओठाच्या उघड्या कातडीला मिशी फुटल्यापासून प्रथमच वारा लागला, गार, लाजिरवाणा, बरा. अक्काबाई खाकी पुस्तक छातीशी धरून फाटकातून बाहेर आली, त्याच्या तोंडाकडे बघून क्षणभर थबकली आणि निवृत्तीला म्हणाली, "आरं, बिचाऱ्याची आर्धीच का सोडली?" सगळी गर्दी फुटली. पोरं झाडावरून घसरली, पाळकसाहेबांनी तोंड रुमालात लपवलं. एकटा सहादू तेवढा हसत नव्हता. जिंकलेला माणूस, पांढरा शर्ट घातलेला, पुंजारामच्या ओठाशी वाकून उभा होता, आणि त्या अर्ध्या मिशीकडे असा निरखून बघत होता की जणू तिच्याखाली कुठंतरी काहीतरी लिहिलेलं असणार.